चावीमामांना झालेली अतिउत्तेजना

त्या दुकानात माल विकायची एक रीत होती, आणि ती रीत एकाच माणसाच्या दोन बोटांवर चालायची. त्या माणसाला सगळे चावीमामा म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी कुणीतरी पुकारायचं, तेव्हा ते स्वतःही कुणाला बोलावलं म्हणून मागे वळून बघायचे.

दुकान खेळण्यांचं. रुंदीला बेताचं, लांबीला आगगाडीच्या डब्यासारखं, आणि जमिनीपासून छतापर्यंत रंगच रंग. रीत अशी की मुलाचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं की दुकान उठवायचं. 'उठवायचं' हा तिथलाच शब्द. चावीमामा काउंटरच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत जायचे आणि जाता जाता चाव्या पिळत माकडाला झांजा वाजवायला लावायचे, अस्वलाला ढोल, आगगाडीला शिट्टी. मग डाव्या हाताने बाहुलीला रडवायचे, उजव्या हाताने सायरनची गाडी जमिनीवर सोडायचे. वरचे रंगीत दिवे उघडझाप करू लागायचे. मूल दुकानाच्या मध्यावर पोचेपर्यंत सगळं दुकान त्याच्या अंगावर धावून आलेलं असायचं.

हा शोध मालकांच्या वडिलांचा. ते म्हणायचे, "पोराला एक खेळणं दाखवलं तर ते विचार करतं. दहा दाखवली तर हट्ट करतं. सगळीच एकदम दाखवली की भंडावतं आणि रडतं. आणि रडणाऱ्या पोराचे आईबाप घासाघीस करत बसत नाहीत. हाताला लागेल ते उचलतात आणि सुटतात." वडील गेले, मुलगा गल्ल्यावर बसला, रीत तीच राहिली.

या कामात चावीमामांचा हात धरणारा कुणी नव्हता. कुठलं मूल कुठल्या खेळण्यापुढे मोडेल, हे ते ओठांवरून सांगायचे. खालचा ओठ वळू लागला की भुंकणारं कुत्रं सोडायचं, हे त्यांनीच बसवलेलं. कुत्रं दोन पावलं यायचं, थांबायचं, मान वर करून भुंकायचं. त्यापुढे कुठलंच मूल टिकलेलं नव्हतं. मामा दुष्ट होते का? छे! घरी झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस. पण काम हे काम, आणि आपलं काम आपल्याइतकं कुणाला जमत नाही म्हटल्यावर माणसाची छाती थोडी फुगतेच.

एवढंच की त्या फुगलेल्या छातीच्या वर एक डोकंही होतं, आणि ते अलीकडे बिनसलं होतं.

आधी त्यांना वाटलं, वय झालं. घरी चमचा खाली पडला की त्यांचे दात आवळले जायचे. सदऱ्याच्या कॉलरमागची मापाची चिठ्ठी दिवसभर मानेला चावायची. ती त्यांनी कापून टाकली, तर उरलेला दोरा चावू लागला. ट्यूबलाइट गुणगुणते हे घरात त्यांच्याशिवाय कुणालाच ऐकू येत नव्हतं. एकदा दुकानाच्या संडासात ते कारण नसताना रडले, आणि नंतर तोंड धुऊन बाहेर येऊन एका जुळ्यांच्या जोडीला रडवलं.

हे सांगायचं कुणाला आणि कोणत्या शब्दांत? "डोकं भणभणतंय" म्हणावं तर दुकानात ते सगळेच म्हणायचे. "कान किटले" असं बिलवाली दिवसातून चारदा म्हणायची आणि लगेच मोबाइलवर गाणी लावायची. "मेंदूचा भुगा झाला" हे तर मालकांचं पेटंट वाक्य, आणि ते बहुधा जेवण झाल्यावर यायचं. सगळ्यांनी वापरून वापरून त्या शब्दांचे काठ झिजले होते. मामांनी ते उच्चारले की ऐकणारा फक्त "हो ना" म्हणायचा.

त्यांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. गोदाम. दुकानाच्या मागच्या गल्लीत एक लांबलचक खोली, जमिनीपासून तुळयांपर्यंत पुठ्ठ्याची खोकी. दार लोटलं की बाहेरचा आवाज मेल्यासारखा व्हायचा. मामा माल आणायला जायचे आणि जरा जास्तच वेळ लावायचे. खोक्यातलं माकड त्यांना जगातलं सगळ्यात शहाणं जनावर वाटायचं. गोदाम सांभाळणारे म्हातारे आता डोळ्यांमुळे काम सोडणार होते. ती जागा मिळाली तर उरलेली नोकरी माणसासारखी निघेल, असं मामांनी मनाशी धरलं होतं. मालकांकडे एकदा विषय काढला तर ते म्हणाले, "बघू." मालकांचं 'बघू' म्हणजे काय, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनाही होतं. तरी ते वाट बघत होते.

अशात एका दुपारी मालकांच्या बायको दुकानात आल्या. त्यांना सगळे वहिनी म्हणत. कुणा डॉक्टरबाईंचं मुलांच्या संगोपनावरचं भाषण ऐकून त्या थेट इकडेच आल्या होत्या, आणि नवं काही ऐकलं की ते कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"अहो, आपण मुलांना अतिउत्तेजना देतो," त्या गल्ल्यापाशी म्हणाल्या.

मालक दचकले. दुकानात गिऱ्हाईक होतं. "हळू बोल. काय देतो?"

"अतिउत्तेजना. म्हणजे उजेड, आवाज, हालचाल, सगळं एकदम. डोक्यात मावत नाही त्याच्यापेक्षा जास्त. मग मूल बिथरतं."

"हे तर आपण करतोच."

"तेच म्हणतेय मी!"

"पण त्याला असा शब्द आहे?" मालकांनी विचारलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जणू घरातल्या जुन्या पितळी गोळ्याला कुणी सोनं म्हणालं.

पुढच्या आठवड्यात सुतार आले. दुकानाचा मागचा भाग तोडून एक दालन केलं. जाड गालिचा, मऊ उजेड, लाकडी ठोकळे, लाकडी बदकं, कशालाही चावी नाही. दारावर पाटी लागली 'शांत दालन'. तिथल्या बदकाचा भाव ऐकून बाहेरचं माकडसुद्धा झांजा थांबवेल असा. बेत साधा होता. पुढे मुलाला भंडावायचं आणि मागे शांतता विकायची.

दुकान उघडायच्या आधी वहिनींनी सगळ्यांना उभं करून धडा दिला. चावीमामा जिवाचे कान करून ऐकत होते.

"मूल कानांवर हात ठेवतं," वहिनी म्हणाल्या. "डोळे चोळतं. कपड्याची शिवणसुद्धा त्याला टोचते. क्षुल्लक गोष्टीवरून चिडतं. कारण नसताना रडतं. कुणी प्रेमाने जवळ घेतलं तरी ढकलून देतं."

एकेक वाक्य मामांच्या अंगावर सदरा बेतल्यासारखं बसत गेलं. त्यांनी नकळत मानेमागे हात नेला.

"आणि लक्षात ठेवा," वहिनींचा आवाज भाषणातल्या बाईंसारखा झाला, "असं मूल वाईट नसतं. त्याला सहन होत नसतं, एवढंच."

इतक्या वर्षांत असं वाक्य मामांच्या वाट्याला आलं नव्हतं. ते वहिनींनी मुलांबद्दल म्हटलं होतं हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी ते उचललं आणि खिशात टाकलं.

आता त्यांच्या कामात एका वाक्याची भर पडली. मूल रडायला लागलं की सगळं बंद करायचं, वाकायचं आणि म्हणायचं, "ताई, बाळाला अतिउत्तेजना झालीये. आत चला, बरं वाटेल." मामा हे इतक्या मायेने म्हणायचे की आयांचे डोळे भरून यायचे. जो माणूस आत्ताच कुत्रं सोडत होता तोच हा, हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. लाकडी बदकं संपली, पुन्हा मागवावी लागली.

एका संध्याकाळी मामांनी घरी विषय काढला. घर म्हणजे दोन खोल्या. बायकोचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती दिवसभर खिडकीशी बसून कारखान्याच्या शर्टांना बटणं लावायची. जिना उतरणं होत नसे, कुणी वर येत नसे. दिवसभराचं बोलणं ती साठवून ठेवायची आणि मामांनी चपला काढल्या की सुरू व्हायची. मामा पलंगावर पडून उशी डोक्यावर घ्यायचे.

"अगं, मला ना, अतिउत्तेजना झालीये."

तिने दोरा दातांनी तोडला. "काय झालीये?"

त्यांनी सांगितलं. वहिनींनी सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमाने.

"म्हणजे लहान मुलांचं दुखणं," ती म्हणाली. "मग आता गोवरही उरकून घ्या. दात यायचेत का अजून?"

"चेष्टा करू नकोस. त्याला शब्द आहे. डॉक्टरांचा."

"बरं. म्हणजे मी बोलले की तुम्हाला त्रास होतो, असंच ना?"

"तुझ्या बोलण्याचा नाही गं. दिवसभराचं साठतं."

"माझंही दिवसभराचंच साठतं. तुमचं ऐकून साठतं, माझं न ऐकून. सकाळपासून माणसाशी कुणी एक अक्षर बोललं नाही तर जे होतं, त्याला काय म्हणतात, ते विचारा तुमच्या वहिनींना."

मामांनी ते कधी विचारलं नाही. त्यांच्या डोक्यात तेव्हा गोदामाखेरीज दुसरं काही मावत नव्हतं.

"गोदाम मिळालं ना," ते उशीखालून म्हणाले, "की मी रोज ऐकेन. तू म्हणशील तितका वेळ."

तिने दुसरा शर्ट ओढला. "मग ते मिळवा आधी," ती म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. त्या एका आशेवर तिने ती संध्याकाळ गप्प काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना मामा गल्ल्यासमोर उभे राहिले. शेजारी स्टुलावर मालकांचा मेहुणा बसला होता. वहिनींचा धाकटा भाऊ. दुकानात त्याचं काम काय, हे कुणी विचारत नसे. दिवसभर मोबाइलवर मारामारीचे सिनेमे बघायचा, आवाज पूर्ण सोडून.

"मालक, एक कानावर घालायचं होतं."

"घाला की, मामा."

"मला अतिउत्तेजना झालीये."

मेहुण्याने मान वर केली. "या वयात? मामींना सांगितलंत, की थेट इकडेच आलात?"

बिलवालीने बिलाच्या मशीनमागे तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. मामांचे कान तापले. उत्तेजना म्हटलं की जगाचं डोकं तिकडेच जातं, हे त्यांच्या गावीच नव्हतं. एवढा डॉक्टरांचा शब्द, पण बाहेर पडायला तोंड चुकीचं मिळालं.

मालक मात्र हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं. "बसा, मामा. काय काय होतं तुम्हाला?"

मामांनी सांगितलं. कान, डोळे, शिवण, रडणं. रडण्यापाशी आवाज जरा हलला. मालक आलेला माल मोजून घ्यावा तसे एकेक बोट दुमडत होते.

"म्हणून म्हटलं, मला गोदामात टाका. तिथे शांत असतं."

"असं बघा मामा," मालक समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे खरं असेल, तर मी तुम्हाला गोदामात कसं पाठवू? तिथे नाजूक माल, माणूस एकटा. बिथरलात तर? आणि खरं नसेल, तर इथेच उभं राहायला काय हरकत आहे?"

मामांनी एका बाजूने विचार करून पाहिला, मग दुसऱ्या. दोन्हीकडे मालकच उभे होते.

त्यांचं पडलेलं तोंड बघून मालकांना एकदम काही सुचलं. "एक करू. रविवारी दुकान बंद. शांत दालन चाललं म्हणून आपण शाखा काढतोय ना, तिथली मंडळी शिकायला येणार आहेत. त्यांना लक्षणं दाखवायचीत. पाहुण्यांसमोर मूल रडवणं काही बरं दिसत नाही. तुम्ही बसा स्टुलावर. आम्ही खेळणी लावतो, तुम्ही लक्षणं दाखवा. मग गोदामाचं बघू."

"बघू की देऊ?" मामांनी विचारलं. जन्मात मालकांना इतकं सडेतोड ते पहिल्यांदाच बोलले असतील.

"देऊ हो! तुम्ही पण ना, मामा."

शनिवारभर मामांनी मनातल्या मनात सराव केला. आधी कान, मग डोळे, मग तोंड फिरवायचं. नाटकच करायचं होतं. लहान मुलासमोर रोज नाटक करणाऱ्याला मोठ्यांसमोर करायला काय लागतं?

रविवारी पंधरा-वीस जण आले. छातीवर दुकानाचं नाव असलेले एकसारखे सदरे, हातात चहाचे कागदी पेले. मधोमध स्टूल ठेवलं होतं. मामा त्यावर बसले. दोन पोरगेलेसे विक्रेते खेळणी लावायला लागले आणि तिथेच घोळ झाला. आगगाडी सुरू होईपर्यंत माकड थकायचं, अस्वल ढोल उचलेपर्यंत बाहुली रडून मोकळी व्हायची. सगळं एकदम उठतच नव्हतं. पाहुणे चुळबुळ करू लागले.

"मामा," मालक ओशाळे होऊन म्हणाले, "ते तुम्हालाच जमतं. तुम्हीच उठवा आणि पटकन येऊन बसा."

मामा उठले. काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, हात सवयीने चालले, आणि दुकान जागं व्हायच्या आत ते लगबगीने परत येऊन स्टुलावर बसले. कुणीतरी टाळी वाजवली.

मालकांनी खेळण्यातली तलवार छडीसारखी धरली होती. "हे पहिलं लक्षण, बघा. कानांवर हात." मामांनी हात ठेवले. "दुसरं, डोळे." मामांनी चोळले. इथपर्यंत नाटक होतं. मग सायरनची गाडी येऊन स्टुलाच्या पायावर आपटली, मागे गेली, पुन्हा आपटली. पुन्हा. मामांनी तिसऱ्या लक्षणाची वेळ बघायचं सोडून दिलं. त्यांच्या पोटऱ्या ताठ झाल्या. बाहुलीचा आवाज कवटीच्या आतून येतोय असं त्यांना वाटलं.

"आता ओठांकडे लक्ष ठेवा," मालक म्हणाले. "हे महत्त्वाचं आहे."

मामांनी ओठ आवळून धरायचा प्रयत्न केला. पुढे काय येतं हे तिथे सगळ्यात जास्त त्यांनाच ठाऊक होतं. पण खालचा ओठ वळलाच. मेहुण्याने कुत्रं सोडलं. ते दोन पावलं आलं, थांबलं, मान वर करून भुंकलं.

"पुरे," मामा म्हणाले. "मालक, बंद करा. पुरे."

लोक हसले. पुढच्या रांगेतली एक शाखावाली खालच्या आवाजात म्हणाली, "हे खरं चाललंय की नाटक?"

"ओळखता येत नाही ना?" मालक खूश झाले. "मोठं मूल असलं तर ते असं तोंडाने पुरे म्हणतं. पण आपण थांबायचं नाही. आईबापांचा हात अजून खिशात गेलेला नसतो. तो जाईपर्यंत चालू ठेवायचं."

कुणी काही बंद केलं नाही. चाव्या उतरत गेल्या तशी खेळणी आपापली थांबली. आधी अस्वल, मग गाडी. माकडाने सगळ्यात शेवटी एक झांज वाजवली. मामा स्टुलावर दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते आणि त्यांच्या नाकातून पाणी गळत होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबायला सर्वांत जास्त वेळ लागला.

मंडळी गेल्यावर मालकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मामा, तोड नाही! दर महिन्याला एक तुकडी येणार आहे. तुम्हीच करायचं."

"आणि गोदाम?"

मालकांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी आपल्या भावाकडे पाहिलं.

"त्याला दिलं," त्या म्हणाल्या. "त्याला माणसांत बसवत नाही, मामा. परवा माझ्याकडे मन मोकळं केलं त्याने. अतिउत्तेजना आहे त्याला, लहानपणापासूनच. आमच्याच लक्षात आलं नव्हतं बिचाऱ्याचं." त्यांचे डोळे खरोखरच पाणावले होते.

मेहुणा कोपऱ्यात उभा होता. त्याच्या मोबाइलवर कुणीतरी कुणाला तरी काचेतून बाहेर फेकत होतं. त्याने मामांकडे बघून खांदे उडवले, आता याला मी तरी काय करणार, अशा अर्थाने.

घरी बायकोने चपलांचा आवाज ऐकताच विचारलं, "मिळालं?"

"मेहुण्याला मिळालं."

"त्याला काय झालंय?"

"मला झालंय तेच."

ती हसत सुटली. हसता हसता सुई बोटात गेली तरी थांबेना. त्या घरात कित्येक महिन्यांनी कुणी हसत होतं, आणि तो आवाजही मामांना सोसवला नाही. "गप्प बस!" ते असे ओरडले की ती खरंच गप्प बसली. त्या दिवसापासून तिने बोलणं साठवणंही सोडलं. मामा येत, ती बटणं लावत असे. हवी होती तितकी शांतता त्यांना घरातच मिळाली, पण ती गोदामासारखी नव्हती.

सोमवारी पहिलंच गिऱ्हाईक एक बाई आली, बोटाला धरलेलं चारेक वर्षांचं मूल. मामांनी दुकान उठवलं. नेहमीपेक्षा थोडं जोरातच उठवलं असेल. मूल मध्यावर येऊन थिजलं. कानांवर हात गेले, डोळे चोळून झाले, आणि त्याने भोकाड पसरून जमिनीवर अंग टाकलं. बाई बावरली.

"काय झालं हो याला, मामा? घरून निघताना तर बरा होता."

मामा वाकले. शांत दालनाचं दार त्यांच्या मागे उघडंच होतं. गल्ल्यावरून मालकांनी तिकडे खूण केली. मुलाचे ओले डोळे मामांच्या तोंडाकडे लागले होते.

"काही झालेलं नाही," मामा म्हणाले. "सोंग आहे. एक ठेवून द्या, बंद होईल."

आईने एक ठेवून दिली. ते बंद झालं. मग हाताला लागला तो चेंडू उचलून ती पोराला ओढत बाहेर पडली, आणि मामा पुन्हा चाव्या भरायला लागले.